बंबाआधीचे हात

17 फेब्रुवारी 1803 रोजी मुंबईच्या कोटातल्या बाजारात आग लागली आणि कोटाचा सुमारे तिसरा हिस्सा जळून गेला. तेव्हा अग्निशमन दल नव्हते. सैनिक, खलाशी आणि रहिवासी हाताला येईल त्याने आग अडवत होते. शेवटी दारूगोळ्याच्या कोठाराकडे ती जाऊ नये म्हणून तोफा लावून घरे पाडावी लागली. मुंबईच्या अग्निशमनाची सुरुवात सांगायची तर ती अशा साध्या हातांपासूनच सांगावी लागते.

पुढे हे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून राहिले. चोर पकडणाऱ्यानेच आगही विझवायची, अशी ती सोय. 1 एप्रिल 1887 रोजी कायद्याने स्वतंत्र दल उभे राहिले आणि त्याची जबाबदारी महापालिकेकडे आली. तेव्हाच्या बंबांना घोडे जुंपलेले असत. 1890 मध्ये लंडनच्या दलातले निकोल्स प्रमुख म्हणून आले, आणि 1907 मध्ये पहिला मोटरचा बंब आला.

पण बंबाला पाणी लागते, आणि इथे पवईचा परिसर या गोष्टीत येतो. शहराला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते पवईच्या शेजारच्या विहार तलावातून, 1860 मध्ये. पवईचा तलाव 1891 च्या सुमारास झाला, पण त्याचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. शहराची तहान भागवायला निघालेला हा डोंगराळ भाग स्वतः महापालिकेच्या हद्दीबाहेर होता. उपनगरे आत आली 1950 आणि 1957 मध्ये. तोवर इथल्या गावपाड्यांत आग लागली की विहीर, घागर आणि शेजारी, एवढाच आधार.

स्वयंसेवकांची खरी गरज शहराला दुसऱ्या महायुद्धात पटली. हवाई हल्ल्याच्या भीतीने नागरिकांतून ए.आर.पी.चे, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या व्यवस्थेचे, वॉर्डन घेतले गेले. हल्ला झाला नाही. मात्र 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकत्र भरलेले ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटले आणि दुपारी चारनंतर दोनदा फुटले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. मला या इतिहासात सर्वांत जड वाटणारा आकडा 66 हाच.

1968 च्या कायद्याने नागरी संरक्षण दलाला अधिष्ठान मिळाले. वॉर्डन, प्रथमोपचार, अग्निशमन अशा शाखांत आजही सामान्य माणूस नाव नोंदवू शकतो. तो नोंदवत नाही, हे मला खटकते. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याने दर जानेवारी आणि जुलैत इमारतीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे, पण होज, म्हणजे पाण्याची नळी, उघडायचा कसा हे कागदाला येत नाही. जून 2015 मध्ये पवईलगतच्या चांदिवलीत उंच निवासी इमारतीला आग लागून 7 जण दगावले. धूर भरला की लिफ्टकडे धावायचे नाही, बंद दार हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचे, जिना मोकळा ठेवायचा. हे शेजाऱ्याला शिकवणारा माणूस प्रत्येक मजल्यावर हवा, आणि त्यासाठी सोसायटीच्या पुढच्याच सभेत दोन नावे मागावीत.