दिल्ली–टोकियो: अंतर तेच, वेळ वेगळी

दिल्ली–टोकियो सरळ हवाई अंतर जेमतेम ५,८५० किमी. जाताना साधारण साडेसात तास, येताना मात्र नऊ-साडेनऊ! सगळी करामत जेट स्ट्रीमची. हा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा उंचावरचा वारा हिवाळ्यात जपानवर फारच जोरात असतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर बघा, जाताना वेग हजार किमीच्या पुढेही जातो.

गंमत म्हणजे हा वारा १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजला तो जपानच्याच वासाबुरो ओइशींनी; पण अहवाल लिहिला एस्परांतो या कृत्रिम भाषेत, मग वाचणार कोण!

आणि हो, जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे. रात्री आठला निघालात तर तिथे सकाळी सातला उतराल. हिवाळ्यात परतताना समोरच्या जोरदार वाऱ्यामुळे उशीर होऊ शकतो, म्हणून दिल्लीहून पुढचं विमान असेल, तर मध्ये तीन-चार तास तरी ठेवाच.