कार्यालयाची अंतर्गत मांडणी : अनेक हातांचा मेळ

अहवाल वर्षात रुग्णालयाचा नोंदणी कक्ष, लेखा विभाग आणि जुन्या केसपेपरची खोली यांच्या अंतर्गत मांडणीचे काम हाती घेण्यात आले. टेबले, कपाटे आणि दिवे बसविण्यास इतके महिने का लागावेत, असे काही देणगीदारांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

अशा कामात वास्तुविशारद, गवंडी, सुतार, वायरमन, संगणकाच्या तारा टाकणारे, अग्निशमन यंत्रणा बसविणारे आणि रंगारी एकत्र येतात. प्रत्येक जण आपल्या कामात वाकबगार असतो. परंतु सर्वांना भिंत तीच आणि छत तेच लागते. अडचण तेथेच उद्भवते.

एका कपाटाचेच उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्या तालुक्यातील ज्येष्ठांच्या स्मरणात आजही आहे. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत कोयनानगर भूकंपप्रवण क्षेत्र ४ मध्ये दर्शविले आहे. केसपेपरने भरलेले उंच कपाट भिंतीस घट्ट जखडलेले नसेल, तर धक्क्यासरशी ते माणसावर कोसळू शकते. सुताराने ते प्लायवुडच्या पार्टिशनला ठोकून उपयोग नाही. पक्की भिंत हवी. ती कोणती, हे वास्तुविशारद सांगणार. तिच्यात विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत, हे वायरमनलाच ठाऊक. म्हणजे एका कपाटासाठी तिघांचे एकमत आवश्यक ठरते.

नोंदणी कक्षालगतच्या एक्स-रे विभागाच्या भिंतीबाबत तर आम्ही कोणतीही सवलत दिली नाही. अशा कक्षास किरणोत्सर्ग रोखण्यासाठी साधारण २३ सेंटिमीटर जाडीचे वीटकाम लागते. स्विचबोर्डसाठी तिच्यात खाच पाडली, की तेवढ्या जागी संरक्षण घटते. म्हणून त्या भिंतीवर छिन्नी चालवू नये, अशी लेखी सूचना सर्वांना देण्यात आली आणि स्विच समोरच्या भिंतीवर घेण्यात आले.

फॉल्स सीलिंगसाठी आम्ही एकच नियम ठेवला. वरच्या तारा व नळ तपासून, संबंधित सर्वांनी एकाच नकाशावर सह्या केल्याखेरीज एकही फळी बंद करावयाची नाही. छत बंद झाल्यावर दोष आढळला, तर ते फोडण्याचा खर्च कोणाचा, हा वाद संपता संपत नाही; आणि अखेरीस तो भुर्दंड देणगीदारांच्या पैशावरच पडतो. बिलाचा शेवटचा हप्ताही स्वतःचे काम संपल्यावर नव्हे, तर संपूर्ण कक्ष तपासून ताब्यात घेतल्यावरच द्यावयाचा, असे ठरले. ठेकेदारांना हे फारसे रुचले नाही. तथापि त्यामुळे ते एकमेकांच्या कामाची विचारपूस मात्र करू लागले.

काम चालू असता नोंदणी बंद ठेवणे शक्य नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यांची कागदपत्रे याच खिडकीवर तपासली जातात. एक दिवस खिडकी बंद, म्हणजे दूरच्या वाडीवरून आलेल्या कुटुंबाचा हेलपाटा. म्हणून कक्षाचे दोन भाग करून काम आळीपाळीने करण्यात आले. यात वेळ अधिक गेला, हे खरे.

पाटणच्या पावसात प्लायवुड फुगते आणि रंग धरत नाही. सबब लेखा विभागाचे लाकूडकाम व शेवटचा रंग पावसाळा सरल्यावर होईल. तोपर्यंत नोंदणीची खिडकी प्रवेशद्वाराच्या डाव्या बाजूस, नेहमीच्या वेळेत सुरू राहील.