बटण दिसतं, पण क्लिक लागत नाही

पानावरचं बटण स्पष्ट दिसतं, पण दाबलं की काहीच होत नाही. मग हात जातो झेड-इंडेक्सकडे. ९९९ने भागलं नाही तर ९९९९. आकडा मोठा तितका घटक वर, हा समज अर्धवट आहे. पोझिशन स्टॅटिक असलेल्या साध्या घटकावर झेड-इंडेक्स चालतच नाही (फ्लेक्स आणि ग्रिडमधल्या घटकांवर मात्र चालतो). शिवाय आकड्याला किंमत असते ती त्याच्या स्टॅकिंग कॉन्टेक्स्टपुरती. एका खोक्याचा झेड-इंडेक्स १ आणि शेजारच्याचा २ असेल, तर पहिल्याच्या आतलं बटण ९९९९ लावूनही शेजाऱ्याच्या खालीच राहतं. असा कॉन्टेक्स्ट नकळतही तयार होतो. त्याला ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा १पेक्षा कमी ओपॅसिटी पुरते.

जे दिसत नाही ते आड येत नाही, हा समज जास्त चिवट आहे. क्लिक झालेल्या बिंदूवर सर्वांत वर कोण, एवढंच ब्राउझर पाहतो. व्हिजिबिलिटी हिडन असलेला घटक तो वगळतो, पण शून्य ओपॅसिटीचा नाही. २००८मध्ये गाजलेलं क्लिकजॅकिंग यावरच चालायचं: डोळ्यांसमोर एक पान, त्यावर पारदर्शक आयफ्रेममध्ये दुसरं, आणि क्लिक जायचा दुसऱ्याला. वरच्याने न वापरलेला क्लिक खाली झिरपेल, ही आशाही फोल. तो जातो वरच्या घटकाच्या पूर्वजांकडे. खाली झाकलेल्या शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून बटणाला वर ढकलण्याआधी आड कोण आहे ते शोधावं (कन्सोलमधलं एलिमेंट-फ्रॉम-पॉइंट ते लगेच सांगतं) आणि त्याला पॉइंटर-इव्हेंट्स नन द्यावं. त्याने वरच्या थरातल्या लिंकही मरतील, हा आक्षेप खरा आहे, कारण हा गुणधर्म वारशाने खाली उतरतो. पण त्या लिंकना पॉइंटर-इव्हेंट्स ऑटो दिलं की त्या चालतात आणि बाकीचा थर क्लिक सोडून देतो. मग बटण बंद करायलाही हेच वापरावं का? अनेक जण वापरतात, आणि तिथे फसतात: माउस अडतो, पण टॅबने फोकस जातो आणि एंटर दाबलं की बटण चालतं. सोबत लावलेला नॉट-अलाउड कर्सरही दिसत नाही. बटण बंद करायला डिसेबल्ड आहे, अख्खा विभाग बंद करायला इनर्ट. आणि हे दोन्ही सीएसएसमध्ये नाही, एचटीएमएलमध्ये लिहायचं असतं.