विवरणपत्र कोणाला पाहता येते?

वाशीमशेजारच्या अकोल्यात भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची प्राप्तिकर विवरणपत्रे गिरीश देशपांडे यांनी २००८ मध्ये माहिती अधिकारात मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी नकार कायम ठेवला: ही माहिती वैयक्तिक, व्यापक जनहित दाखवले तरच खुली. विवरणपत्राबाबत हे मला पटते. पण त्याच निकालाने मेमो, कारणे दाखवा नोटिसाही झाकल्या, ते अती झाले.

उमेदवारांचे निराळे. मत मागणाऱ्याला शपथपत्रात गेल्या ५ वर्षांचे विवरणपत्रातील उत्पन्न लिहावेच लागते. रिसोड, वाशीम, कारंजा, कुठल्याही मतदारसंघातले शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसते. एरवी माहिती अधिकाराच्या अर्जात कारण द्यावे लागत नाही. दुसऱ्याचे विवरणपत्र मागताना मात्र जनहित कोणते, ते पुराव्यानिशी लिहा.