कोकणातील खाचरे ओस का पडतात?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, आणि २०११ मध्ये तेथील लिंगगुणोत्तर, म्हणजे दर हजार पुरुषांमागील स्त्रियांची संख्या, ११२२ नोंदले गेले; कारण कमावत्या वयाचे पुरुष मोठ्या संख्येने मुंबईकडे जातात. त्यांनी पाठवलेल्या पैशावर घर चालते, परंतु लावणीला माणूस मिळेनासा होतो, मजुरी वाढते आणि भातशेती परवडत नाही. एक खाचर पडीक राहिले, की त्याचा फुटलेला बांध कोणी घालत नाही, पाणी खालच्या खाचरात घुसते, वाढलेल्या झाडोऱ्यात रानडुकरे आसरा घेतात आणि शेजाऱ्यालाही शेती सोडावी लागते. म्हणूनच खाचरे ओस पडण्याचा दोष गावकऱ्यांच्या आळसाला देणे अन्यायाचे आहे. भातशेतीला न परवडणारी मजुरी हापूसच्या बागांना मात्र पेलवते, त्यामुळे तेथील राखण आणि मेहनत अनेक ठिकाणी नेपाळहून आलेले मजूर करतात.