ऊसर जमिनीला फुटलेला अंकुर

काशीयात्रेस गेलेला मराठी माणूस घाट पाहतो, अहल्याबाईंनी १७८० साली उभारलेल्या मंदिरात विश्वनाथाचे दर्शन घेतो आणि गंगाजल घेऊन परततो. मात्र वाराणसीहून जौनपूर, आझमगडच्या बाजूस जाताना हिरव्या शेतांच्या मधोमध पांढुरके ओसाड पट्टे दिसतात, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हीच ‘ऊसर’ जमीन, संस्कृतातील ‘ऊषर’. आपण तिला चोपण म्हणतो. तिच्यावर साचणारा पांढरा थर म्हणजे ‘रेह’. पूर्वी धोबी तो गोळा करून कपडे धुण्यास वापरीत, कारण त्यात धुण्याच्या सोड्याचाच अंश असतो.

या ओसाडीमागे माणसांचीही कथा आहे. उत्तर प्रदेशात भूमिहीनांच्या वाट्यास आलेली जमीन पुष्कळदा ऊसरच असे. सातबारावर नाव लागावे आणि कणगीत मात्र दाणा नसावा, तशी ती गत!

असे का होते? चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटून बसला की ते कण एकमेकांपासून सुटे होतात आणि मातीतील छिद्रे बुजवितात. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पावसात चिखल आणि उन्हात दगड, अशी त्या मातीची अवस्था होते. अशा मातीचा सामू ८.५ हून अधिक असतो. कित्येकदा तो १० पर्यंतही जातो.

यावरील उपाय म्हणजे जिप्सम हे खनिज. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात सापडते. त्यातील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावून त्याची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जातो. येथे एक गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात धरावी : जिप्सम म्हणजे युरियासारखे पिकाचे पोषण करणारे खत नव्हे, ते मातीवरील औषध आहे. औषधास पथ्य लागते, आणि येथील पथ्य म्हणजे पाणी व निचरा.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम शेत समपातळीत आणून भक्कम बांध घालावेत आणि निचऱ्याचे चर खणावेत. मातीपरीक्षणानुसार, सामान्यतः हेक्टरी १० ते १५ टन, बारीक दळलेले जिप्सम वरच्या सुमारे १० सेंटिमीटर थरात मिसळावे. ते फार खोल गाडल्यास त्याचा जोर विखुरतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस शेतात पाणी साठवून ठेवावे. पहिले पीक भाताचेच घ्यावे. साचलेले पाणी त्यास मानवते. रोपे जरा जून लावावीत आणि हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. भातामागून गहू घ्यावा आणि उन्हाळ्यात धैंचा पेरून तो हिरवळीचे खत म्हणून गाडावा. जमीन पडीक ठेवल्यास रेह पुन्हा वर येते.

१९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने ही पद्धत रुजविली आणि ‘सीएसआर’ नावाचे क्षार सोसणारे भाताचे वाणही दिले. १९९३ पासून उत्तर प्रदेशात जागतिक बँकेच्या साहाय्याने ऊसर सुधारण्याचे मोठे काम झाले. त्यात शेतकऱ्यांनी गट करून एकाच कूपनलिकेचे पाणी वाटून घेतले. यातील मर्म उघड आहे. एकाने जिप्सम घातले, पण त्याचा चर शेजाऱ्याच्या बांधाशी अडला, तर तो खर्च वाया गेलाच म्हणून समजावे.

सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या मळ्यांत अतिपाण्याने बिघडलेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दुःख परके नाही. मात्र पांढरी दिसणारी प्रत्येक जमीन चोपण नसते. निव्वळ क्षारांनी खारवट झालेल्या जमिनीस निचरा करून गोड्या पाण्याने धुणे हाच मुख्य उपाय आहे. तेथे जिप्समवर पैसा घालविण्याचे कारण नाही. यास्तव वाचकहो, जिप्समचे पोते विकत घेण्यापूर्वी मूठभर मातीची परीक्षा करवून घ्या, आणि शेजाऱ्याशी चराविषयी बोलून घ्या. रुसलेली जमीन मनधरणीने वळते. मात्र ती मनधरणी साऱ्या शिवाराने मिळून करावी लागते.