पासलीवरचा चौकोन

चिप कंपन्यांची चुरस म्हटलं की लॅपटॉपच्या जाहिराती आठवतात. पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, या चुरशीचा निकाल किलोमीटरमध्ये मोजता येतो. उदाहरणादाखल राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातलं पासली गाव घेऊ. इथून केळदकडे गेलं की मढे घाट, आणि खाली थेट महाडकडचं कोकण.

हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर चौकोनांचं जाळं टाकतं आणि प्रत्येक चौकोनाला वारा, बाष्प, तापमानाचा एकेक आकडा देतं. पासलीवरच्या चौकोनाची बाजू पूर्वी होती सुमारे 12 किलोमीटर. घाटमाथ्यावर एवढ्या अंतरात पाऊस कुठल्या कुठे बदलतो. मॉडेलच्या लेखी मात्र सगळं एकच. 26 मे 2025 रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या नव्या मॉडेलने ही बाजू 6 किलोमीटरवर आणली. एका चौकोनाचे चार झाले. शिवाय चौकोन लहान झाला की पुढच्या तासांचं गणितही अधिक बारीक टप्प्यांनी करावं लागतं. म्हणून काम चौपटीवर थांबत नाही, साधारण आठपट होतं.

असं ओझं पेलणारे संस्थेतले महासंगणक पाहा. 2018 चा ‘प्रत्यूष’ इंटेलच्या झिऑन चिपवर चालायचा. 2024 मध्ये लोकार्पण झालेला ‘अर्का’ एएमडीच्या एपिकवर. झिऑनचा वेग 2.1 गिगाहर्ट्झ, एपिकचा 2.3. म्हणजे जाहिरातवाल्यांचा लाडका आकडा जवळपास जागच्या जागीच! चिप फार तापते म्हणून वेगाची ती शर्यत वीस वर्षांपूर्वीच मंदावली. वाढले ते कोअर, म्हणजे चिपमधले गणित करणारे भाग: एका चिपमध्ये 18 होते, ते 48 झाले.

एएमडीला हे जमलं कसं? मावळातल्या उतारावर कुणी एकच अवाढव्य खाचर करत नाही. बांध फुटला तर सगळंच भात जायचं. सिलिकॉनचंही तसंच. मोठ्या चिपमध्ये एक दोष निघाला तरी ती अख्खी वाया जाण्याची भीती. एएमडीने लहान लहान तुकडे करून ते एकत्र जोडले. स्वतःचे कारखाने तिने 2009 मध्येच वेगळे काढले होते, त्यामुळे 2019 च्या एपिकसाठी तैवानच्या टीएसएमसीचं 7 नॅनोमीटर तंत्र वापरता आलं. इंटेल मात्र आपल्याच कारखान्यातल्या 10 नॅनोमीटरच्या विलंबात अडकली होती. 2023 मध्ये झिऑननेही तुकड्यांचीच वाट धरली, यातच काय ते आलं.

अर्थात चिप काही पाऊस मोजत नाही. त्यासाठी पर्जन्यमापकं आणि रडारच हवीत. आणि 6 किलोमीटरसुद्धा सह्याद्रीला ढोबळच. तोरण्याचा 1403 मीटरचा माथा आणि त्याच्या पायथ्याची दरी एकाच चौकोनात बसतात. बाजू दीड किलोमीटरवर आणायची, तर आठपट दोनदा, म्हणजे आजच्या 64 पट काम.